काळुरामकाकांचा एक टिक

काळुरामकाकांनी माझ्या नाकी नऊ आणले होते, हे आधीच सांगून टाकते. साल १९९६. कोपरला आमच्या पुढच्या खोलीत मी टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. काका बाळकुमचे कोळी, माझ्या वडिलांच्या गायन पार्टीत वीस वर्षं ढोलकीवर. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. धाकट्या लेकीची हळद आठ दिवसांवर आलेली आणि हे रोज सकाळी दहाला माझ्या दारात. खिशात एक जुनी कॅसेट, कुणाच्या तरी हळदीत त्यांनी वाजवलेली.

"नीले, तुझ्या मशीनवर गानी बनतात ना? यातली माजी ढोलकी काढून दे."

"अहो, मग कॅसेटच लावा की हळदीला."

"तिच्यात नवरा-नवरीचं नाव दुसरंच हाय. बायका आपल्या पोरीचं नाव घेऊन गातील, मागं नुसती ढोलकी पायजे."

"दुसरा ढोलकीवाला बोलवा."

काकांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मी मुकाट्याने कॉम्प्युटर चालू केला.

माझ्याकडे एका फ्लॉपीवर गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर वरून खाली ओळी सरकतात. ज्या ओळीवर आवाज लिहाल, तिथे तो वाजतो. एका मात्रेला चार ओळी. कॅसेटमध्ये बायका दम घ्यायला थांबल्या होत्या, तिथल्या दोनतीन स्वच्छ थापा मी कापून घेतल्या आणि ओळींवर मांडल्या. काकांनी ऐकलं.

"नाय गो बाय. यो माजा हात नाय."

तिथे 'स्पीड' नावाचा आकडा होता, सहा. पाच केला तर गाणं पळत सुटलं, सात केला तर पेंगायला लागलं. काका म्हणाले, घाई नको नि आळस पण नको. असे चार दिवस गेले. माझ्या क्लासच्या मुली बाहेर पायरीवर बसून कंटाळल्या.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "काका, मशीन चुकत नाही. तुमचेच कान गेलेत आता." बोलून गेले आणि लाज वाटली.

ते रागावले नाहीत. डाव्या हाताने टेबलावर वाजवायला लागले, सावकाश, मला समजावं म्हणून. मी मोजलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. एका मात्रेत त्यांच्या थापा तीन होत्या. चार ओळींत तीन थापा सारख्या अंतरावर बसणार कशा? कुठलीतरी एक लांब पडणारच. इतके दिवस मी त्यांना चारच्या साच्यात कोंबत होते आणि वर त्यांनाच बोलत होते.

मग उलगडलं. स्पीड सहा म्हणजे एका ओळीच्या पोटात वेळेचे सहा बारीक तुकडे, टिक. चार ओळींचे चोवीस. तीन थापांना आठ-आठ. पहिली थाप पहिल्या ओळीवर, दुसरी दुसऱ्या ओळीवर पण दोन टिक उशिरा, तिसरी तिसऱ्या ओळीवर चार टिक उशिरा. तशी सोय त्यात होती, मीच कधी पाहिली नव्हती.

काकांची मान डोलायला लागली. मग थांबली. "मधली जरा मागं."

आता काय करावं या माणसाला? एक टिक म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. चरफडत मी मधल्या थापेचा उशीर दोन टिकांचा तीन केला. काकांनी डोळे मिटून ऐकलं, मी भरून दिलेली नवी कॅसेट खिशात घातली आणि चालते झाले. 'बरं' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. मी दिवसभर धुमसत होते.

तरी हळदीला गेले. मांडवात कॅसेट लावली, बायकांनी गाणं धरलं. मागच्या दारी काकांची बायको, शेवंतीकाकू, पीठ मळत होत्या. कॅसेटचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पिठाच्या हातांनी त्या तावातावाने मांडवात आल्या.

"किती येला सांगितलं, त्या हाताला तरास देव नका म्हनून."

आणि थांबल्या. काका खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. काकूंनी स्पीकरकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. शेजारी बसून तो हात त्यांनी आपल्या पिठाच्या हातांत धरला आणि रडल्या.

काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मधली बरोबर बसली, गो," म्हणाले.