कोठ्यातला सिरका

अंगणवाडीतली माझी नोकरी संपली त्या उन्हाळ्यात माझी मुलगी नागपूरहून आली आणि म्हणाली, "आई, आपल्या शेताच्या धुऱ्यावरची जांभळं दरवर्षी पाखरं खातात, नाहीतर मातीत जातात. तू सिरका का करत नाहीस? तिकडे लोक जांभळाचा सिरका शोधत फिरतात." मग तिने परसाकडे पाहिलं. "कोठा तर रिकामाच आहे."

कोठा म्हणजे आमच्याकडचा गोठा. मातीच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, एकच दार, खिडकी नाही. तो रिकामा नव्हता. नवरा गेल्यावर मी म्हैस विकली, आत पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग तसाच राहू दिला आणि कुलूप लावलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. कोणी विचारलं तर म्हणायची, आत साप आहे.

माझा नवरा हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दारूपायी ते काम गेलं. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, मला कळायला लागलं तेव्हापासून आहे, आणि ज्याला प्यायची त्याला ती कधी कमी पडलेली मी पाहिली नाही. शेवटी त्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. दवाखान्यातून त्याला घरी आणलं ते झाकूनच.

कुलूप काढलं तेव्हा साप नव्हता. उंदरांची बिळं होती आणि कोंदट, गोडसर वास होता. पऱ्हाटी बाहेर काढायला मला चार दिवस लागले. ढिगामागचा कोपरा मोकळा झाला तेव्हा भिंत कमरेपासून टिनापर्यंत काळी निघाली. खालची माती भाजून विटेसारखी झाली होती. मला आठवलं, इथे तो म्हशीचं आंबोण शिजवायचा.

त्याच्या शेवटच्या दोन वर्षांतली ती गोष्ट. काम गेल्यावर आधी तो नुसता पडून असायचा. मग एकाएकी घरात लक्ष घालू लागला. मी दुपारी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत असायची आणि शाळेच्या कुंपणावरून मला आमच्या परसातला धूर दिसायचा. घरी आले की तो म्हणायचा, "म्हशीचं शिजवलं. तुले चहा ठेवू?" दारू सुटली नव्हती, तरी मला वाटायचं, माणूस सुधरला. त्या दिवसांत तो ओरडला नाही, हात उचलला नाही. एकदा मुलीच्या वेण्यासुद्धा घातल्या, वाकड्यातिकड्या. तो गेल्यावर मी हेच दिवस जपून ठेवले होते. बाकीचे मी आठवतच नव्हते.

कोठ्यात काम करू लागले आणि दुपारी मला तो भासू लागला. घरात शिरताना तो खाकरायचा. म्हणायचा, पोरीला कळलं पाहिजे बाप आला म्हणून. मी आत भिंत सारवत असताना दाराशी तसंच कोणीतरी खाकरे. एकदा तर "हात धुवा, वाढते" असं माझ्या तोंडून निघून गेलं. वळून पाहिलं तर दारात ऊन होतं. मुलीला फोनवर मी यातलं काही सांगितलं नाही. कोपऱ्याला चुना लावला, तर दोन दिवसांत काळं वर आलं. पुन्हा लावला, पुन्हा आलं.

मृग लागला, जांभळं पिकली. बिया काढून, गर कुस्करून, गूळ आणि उकळून थंड केलेलं पाणी घालून मी दोन निळे ड्रम भरले. चौथ्या दिवशी ते बोलू लागले, म्हणजे आतून बुडबुड आवाज येऊ लागला. पाठोपाठ वास सुटला. तो मला ओळखीचा होता. नवऱ्याचे शर्ट मी वीस वर्षं धुतले होते. मी झाकणं घट्ट आवळली, वरून फडकं बांधलं, तार गुंडाळली. झाकण फुगायचं, तेव्हा सकाळी दाराची कडी लावून थोडं सैल करायची, नाक दाबून हवा सोडायची आणि पुन्हा आवळायची. ज्या बाईने गावात दारूबंदीची सभा घेतली, तिच्या परसातून तसा वास कसा येऊ द्यायचा?

दीड महिना झाला तरी सिरका काही आंबट होईना. मुलगी फोनवर म्हणाली, "आंबवण्यातलं कळणारं कोणी असेल ना गावात? विचार की." गावात असं एकच माणूस होतं, आणि तिचं तोंड पाहायला मी तयार नव्हते.

नाल्यापलीकडे एक म्हातारी राहते. माझ्या सासूच्या बरोबरीची. नवरा तरणाताठा गेला, तेव्हापासून मोहफुलाची दारू काढून तिने घर चालवलं. आम्ही एकाच बुद्धविहारात वंदनेला बसायचो. पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की ती गप्प व्हायची. मी मुद्दाम वळून पाहायची.

माझा नवरा जायच्या वर्षभर आधी मी विहारातल्या बायांना घेऊन तिच्या घरी गेले. मडकी फोडली, आंबत घातलेली फुलं नाल्यात ओतली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. ती काही बोलत नव्हती, नुसती पाहत होती, ते मला सोसलं नाही. "माह्या नवऱ्याले तू मारून राह्यली," असं म्हणून मी तिच्या तोंडात मारली. दारात तिची चार वर्षांची नात उभी होती. ती पोर रोज माझ्या हातची खिचडी खायची. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणवाडीत आली नाही.

तरी मी गेले. म्हातारी ओसरीवर तूर पाखडत होती.

"आत्याबाई," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "माह्याकडं सिरका होत नाई."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मग हातावर जोर देऊन उठली. "चाल, पाहू."

कोठ्याच्या दारात मात्र ती थबकली. आत यायला तिला वेळ लागला. मी तार सोडली, झाकण काढलं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि बाहेर जाऊन थुंकली.

"सूनबाई, हे त दारूच हाय."

"दारू?"

"चांगली दारू हाय. पहिले दारूच होते. मंग वारा लागला का आंबते, तवा सिरका. तू वाराच लागू नाई देल्ला. काऊन एवढं आवळून ठेवलं?"

"वास जाईल म्हून."

ती हसली नाही. कोपऱ्यात गेली आणि चुन्यावर आलेल्या काळ्यावर तिने हात ठेवला. पायाने खालची जमीन चाचपली. "इथून पानी जायाले नाली होती. बुजवली का?"

"तुमाले काय माहीत? इथं ते म्हशीचं आंबोण शिजवत."

तिने भिंतीवरचा हात काढला. "तुले खरंच मालूम नाई?"

मला तेव्हाच कळलं असावं. तरी मी म्हणाले, "काय?"

"आंबोण नाई वं, भट्टी होती. तुमी मडके फोडले त्याच्या आंधीपासून तो माह्याकडे पेत नोता. म्याच बंद केलतं त्याले देनं. पोट पाह्यलं म्या त्याचं. मंग त्यानं इथं लावली. तू पोराईले वाढाले गेली का हा पेटवे. एक दिवस धूर पाहून मी आली. हात जोडले त्यानं. माह्या बायकोले सांगू नोको म्हने."

मी ड्रमाच्या कडेला धरून उभी होते. "मग त्या दिवशी बोलल्या काऊन नाई? मी हात उचलला तवा?"

"बोलली असती त साऱ्या बाया तिथूनच तुह्या घरी आल्या असत्या. मंग पोलीस. तुही नवकरी, पदरात पोरगी. माह्या घरचे मडके त फुटलेच होते." मग खालच्या आवाजात म्हणाली, "अन् शिकला कोठून तो? माह्याच चुलीपाशी बसून शिकला. मी कोनत्या तोंडानं बोलू?"

मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसले. रडू आलं नाही. मनात एकेक दुपार उलटी होऊ लागली. कुंपणावरून दिसणारा तो धूर. चहा ठेवू का म्हणणारा तो. मुलीच्या वाकड्या वेण्या. तो ओरडत नव्हता, कारण त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. माझे चांगले दिवस त्या चुलीवर शिजत होते. मी धूर पाहिला होता. वासही आला असेलच, मी म्हशीचा म्हणून सोडून दिला. आणि त्याने हात जोडले ते माझ्यापुढे नव्हे, तिच्यापुढे.

म्हातारी माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "आत्याबाई, माहा हात..."

"ते ऱ्हाऊ दे. ड्रमाचं काय करतं ते सांग. फेकतं का आंबवतं?"

माझ्या मनात नाल्यात ओतून द्यायचं होतं. ती म्हणाली, "जांभळाचा काय गुन्हा?" त्याच दुपारी आम्ही दोघींनी झाकणं काढली आणि पातळ लुगड्याची फडकी बांधली. तिच्या सांगण्यावरून मी गवंडी बोलावून भिंतीत खिडकी पाडली. टिनांवर तुराट्या आणि गवत टाकलं, कारण उन्हाच्या तावाने आतला माल मरतो. ड्रम काढून चिनी मातीच्या बरण्या आणल्या आणि त्या ओल्या वाळूत बसवल्या. काळ्या कोपऱ्यातली माती खणून काढली, नवी भरली. भिंतीतून मात्र काळं अजून वर येतं. आता मी चुना लावत नाही.

दिवाळीपर्यंत सिरका झाला, आंबट आणि जांभळ्या रंगाचा. मुलीने बाटल्या नागपूरला नेल्या. जाताना म्हणाली, "बाबा असते तर त्यांनीही हातभार लावला असता." मी हो म्हणाले. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

विहारात मात्र सांगितलं. एका पौर्णिमेला वंदना संपल्यावर मी उभी राहिले आणि भट्टी माझ्याच घरात होती, मी चुकीच्या समजुतीने एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडात मारली, एवढं बोलून खाली बसले. मला वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. ती दुसऱ्या दिवशी तणतणत आली. "माह्या गालाची गोष्ट तू गावाले काऊन सांगतली? लोक विसरले होते. आता पुन्हा पाहून राह्यले माह्याकडे." ती पंधरा दिवस फिरकली नाही. सोळाव्या दिवशी माल गाळायचा होता. ती स्वतःहून आली, पदर खोचला आणि गाळायला बसली. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. त्या दुपारी दाराशी खाकरल्याचा आवाज झाला तेव्हा तिनेही मान वर केली होती. मी पाहिलं. तिने मला विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही.

यंदाचं हे तिसरं वर्ष. यंदा तिचे गुडघे धरले, उभं राहवत नाही. तिची नात कॉलेजला जाते, वर्ध्याची बस पकडायच्या आधी ती आजीला हाताला धरून माझ्याकडे सोडून जाते. पोर दारापर्यंत येते. मी आत बोलावलं की म्हणते, "नाही, बस चुकेल." बस यायला बराच वेळ असतो.

मी कोठ्यात खिडकीखाली बाज टाकली आहे. आत्याबाई तिथून सांगते, मी करते. गूळ किती, फडकं कधी बदलायचं, कोणत्या बरणीचा जुना माल कोणत्या नव्या बरणीत घालायचा. सांगता सांगता तिचा डोळा लागतो. मग मी ढवळणं थांबवते, बाजेजवळ जाते आणि तिचा श्वास चालू आहे ना, ते पाहते.