डाव्या हाताचे तीन सामने

गुरवकाका गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी डोंबिवलीच्या आमच्या मैदानावर मुलींना पळवत होते. "बाबा दुपारी झोपेतच गेले गं," ती म्हणाली. दोन महिने घोटभर पाणीसुद्धा त्यांच्या पोटात ठरत नव्हतं. त्यामुळे खरं सांगते, पहिल्यांदा हायसंच वाटलं. सुटले बिचारे. रडू नंतर आलं, घरी भांडी घासताना. आता महिना होऊन गेलाय आणि राहून राहून आठवतंय ते आमचं भांडण.

काका मोहोन्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बास्केटबॉल आयुष्यात खेळले नव्हते. मुलीला सोडायला यायचे, ते तिचं लग्न झालं तरी येतच राहिले. एकदा गुण लिहायला कोणी नव्हतं म्हणून मी त्यांना टेबलाशी बसवलं, ते पुढे वीस वर्षं उठलेच नाहीत. कोणी किती वेळा बॉल मारला, किती पडले, किती पास वाया गेले, सगळं वहीत. मैत्रीपूर्ण सामने मात्र पेन्सिलने लिहायचे. मी चिडवायचे, "काका, शाई महागली का?" तर म्हणायचे, "अगं, हा नुसता बघायचा कार्यक्रम. लग्न थोडीच लागलंय?"

मी तशी तापट. त्यात आकडे समोर असले की दुसऱ्याचं बोलणं माझ्या कानात शिरत नाही. काही वर्षांपूर्वी समीक्षा नावाची एक हडकुळी मुलगी दिव्याहून यायची. रोज दहा मिनिटं उशीर आणि कारण एकच, "मॅडम, टँकर आलेला." मी आधीच वैतागलेली. जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी ठाण्याला नावं द्यायची होती. यंदा नाव नाही आलं तर खेळ बंद, असं तिच्या आईने तिला बजावलं होतं. पाणी, शाळा, रोजचं येणं-जाणं... ती तरी किती दिवस सांभाळणार?

तीन मैत्रीपूर्ण सामने झाले. काकांच्या वहीतले आकडे मी लॅपटॉपवर उतरवले, छान रंगीत तक्ता केला. समीक्षा सगळ्यात तळाशी. बारा नावं चालणार होती, मी अकराच लिहिली आणि रिक्षात जाऊन बसले. तेवढ्यात काका वही बगलेत मारून धावत आले, सत्तरीचा माणूस.

"शुभा, उतर आधी. त्या पोरीचं नाव नाहीये ना?"

"काका, पाचच्या आत पोचायचंय. आणि तुमच्याच वहीत बघा की, कशी घेऊ तिला?"

"माझी वही आहे म्हणूनच सांगतोय. तू तिला काय करायला सांगितलं होतंस, ते आठव."

मला काही आठवेना. काकांनी वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली. समीक्षाच्या प्रत्येक हुकलेल्या फेकीशेजारी पेन्सिलने बारीक 'डा' लिहिलेला. मग डोक्यात उजेड पडला. पहिल्या सामन्याआधी मीच सगळ्यांना सांगितलं होतं, हे सरावाचे सामने आहेत, बॉल फक्त डाव्या हाताने मारायचा, चुकला तरी चालेल. बाकीच्या अकराजणी पाच मिनिटांत उजव्या हातावर आल्या, कारण हरायला कोणाला आवडतं? मीही विसरून गेले. आणि तक्ता करताना आकडे तेवढे घेतले, 'डा' सोडून दिला.

तिथूनच समीक्षाला फोन लावला. "अगं, तिन्ही सामने डाव्या हाताने का मारत बसलीस?"

"तुम्हीच सांगितलेलं ना, मॅडम. बंद कर असं कुठे सांगितलं?"

माझी मलाच लाज वाटली. त्याच फोनवर तिला म्हटलं, चुकलं माझं. असं मी तोवर कुठल्याच मुलीला म्हटलं नव्हतं. बारावं नाव लिहिलं, तर काका शेजारी येऊन बसले ते थेट ठाण्यापर्यंत. माझा भरवसा नव्हता त्यांना. यादी वेळेत पोचली, समीक्षा निवडली गेली, आज ती स्वतः एका शाळेत मुलींना शिकवते. काकांना बघायला हॉस्पिटलात आली होती. ती गेल्यावर काका हळूच म्हणाले, "वाचली हो." मी म्हटलं, "वाचली." तर मान हलवून म्हणाले, "ती नाही गं. तू."

खरंच वाचले. त्या दिवशी रिक्षा सुटली असती तर आज हे लिहायला मी कुठल्या तोंडाने बसले असते?

गेल्या आठवड्यात काकांशिवाय पहिली यादी केली. पुन्हा तीनच सामने, पुन्हा तळाशी एक नाव. श्रावणी. हात थांबला. तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, "खरं सांग, मी तुला काय करायला सांगितलं होतं?"

पोरगी घाबरली. बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "काहीच नाही, मॅडम. मला जमतच नव्हतं."

काका गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बॉल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "चल, कुठे जमत नाही ते दाखव."