मान नसलेलं खुरपं

उकरनाना खुरपं घ्यायला निघाला की शहागंजातले लोखंडवाले दुकानं अर्धी ओढून घेत. कारण नाना खुरपं विकत घेत नसे, त्याची उलटतपासणी घेत असे. आधी पात्याचा वास घ्यायचा. मग ते दुकानाच्या दगडी पायरीवर आपटून, लग्नातली सनई ऐकावी तसा डोळे मिटून त्याचा नाद ऐकायचा. शेवटी टोक पायरीच्या फटीत अडकवून दांड्यावर सगळं अंग टाकायचा. खुरपं मोडलं तर 'वाचलो' म्हणायचा, पायरी मोडली तर खुरपं घ्यायचा. शहागंजात एकही पायरी सरळ नाही ती नानामुळे. मोगलांवर उगाच आळ घेऊ नका.

"मास्तर," मला म्हणायचा, "अवजार पात्यात तुटत नाय. मानेत तुटतं. माणसावानी." पातं जिथं दांड्यात शिरतं, ती त्याच्या हिशेबी मान. पाहुण्याच्या घरी गेला तरी यजमानाची तब्येत विचारायच्या आधी कोपऱ्यातल्या कुदळीची मान हलवून बघायचा.

गंमत म्हणजे हा माणूस जिनिंगमध्ये कामाला. दिवसभर कापसात. तळहात नवरीसारखे मऊ. पण उन्हाळा लागला आणि पैठणकडं धरणाचं पाणी ओसरलं की नाना रजा टाकून पसार. नाथसागराच्या पोटात त्याचं गाव होतं. पाणी हटलं की त्याची जोती उघडी पडत, आणि नाना तिथं जाऊन उकरत बसे. आमच्या औरंगपुऱ्याच्या गल्लीत बोलवा होती की तिथं निजामाचा खजिना आहे, मोहरांचे सात हंडे. त्यातले दोन हंडे मीच वाढवले होते.

खरं होतं ते मोहरांपेक्षा जड होतं. रझाकारांच्या दिवसांत एका दुपारी गावात हूल उठली. नानाची माय तव्यापुढं बसली होती. ती उठली, देव्हाऱ्यातले देवाचे टाक तिनं काढले. टाक म्हणजे चांदीचे पातळ पत्रे, त्यांवर ठोकून उठवलेला खंडोबा, भवानी आणि घरातले पूर्वज. ते एकावर एक रचून फडक्यात बांधले, तांब्याच्या गडूत घातले, आणि हातात होतं त्या उलथन्यानं गोठ्यात खड्डा करून पुरले. मग लहानग्या नानाला काखेत मारून ती गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून खालशात, निजामाच्या हद्दीबाहेर पळाली. पोलिस ॲक्शन झाल्यावर परत आली तर घर जळालेलं, गोठा सपाट. खुणेचा खुंटासुद्धा राहिला नव्हता. पुढं वाटणीत ती जागा चुलत्याला गेली आणि त्यानं तिच्यावर घर बांधलं. तो फरशीला हात लावू देईना. धरणानं गाव गिळलं तेव्हा सगळं गाव रडलं, एकटा नाना सोडून. "चुलत्याचं घर तर हललं!" म्हणाला.

नवे टाक घडवून घ्यायला कोण अडवत होतं? मायच. "देव मेले नायत, दडलेत," ती म्हणायची. "त्यांच्या जागी दुसरे बसवले, तर त्यांनी परत यावं कुठं?" त्यामुळं त्या घरचा देव्हारा रिकामा, तांदळाच्या ढिगावर सुपाऱ्या मांडलेल्या. नानाचं लग्न सुपाऱ्यांपुढं झालं, पोरींची लग्नं सुपाऱ्यांपुढं झाली. प्रत्येक लग्नात माय नवरीच्या कानात सांगायची, "पाया पड, पण यांच्या नाय. जे हितं नायत त्यांच्या."

मायचे डोळे गेले तसा नानाला धीर निघेना. त्यानं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईला गाठलं. रशीदभाईनं जुन्या रेडिओला तांब्याच्या तारेचं वेटोळं जोडून एक यंत्र केलं. खाली धातू असला की ते सासुरवाशिणीसारखं कुईं करून रडायचं. देताना म्हणाला, "नाना, मशीन बोलेगी. खोदना तुमकोच पडेगा." मग जरा थांबून म्हणाला, "हमारे बी बहोत कुछ गड़ेले हैं उस साल के. वो मशीन से नईं निकलते." नानानं आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला.

यंत्र आलं आणि अवजारांचा काळ ओढवला. धरणाच्या तळची काळी माती मे महिन्यात अशी होते की मारलेला घाव परत येऊन आपल्याच दाढेत बसतो. बाजारातली खुरपी एकेका दुपारची सोबतीण. पहार उसळायची, टिकाव नको तितका खोल घुसायचा, गवंड्याची थापी वाकून नमस्कार करायची. नानानं मोडलेलं लोखंड एकत्र केलं असतं तर पैठणपर्यंत रेल्वे गेली असती. माय दर साली तेच जुनं उलथनं पुढं करायची. "उलथन्यानं पुरलंय, उलथन्यानंच निघंल." नाना हसायचा.

अखेर करमाडच्या लोहाराकडं भंगारातल्या ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन तो बसला आणि पातं-दांडा मिळून एकाच तुकड्याचं खुरपं घडवून आणलं. टोकाला भाल्यासारखं, एका कडेला दाते, मुठीला सुतळी. माझ्या पायरीवर आपटलं, पायरी गेली. "मास्तर, मानच ठेवली नाय! आता तुटंल कुठनं?"

त्या साली दुष्काळ होता. पाणी एवढं हटलं की नाना इतकी वर्षं गाळात अंदाजानं शोधत होता ते चुलत्याच्या घराचं जोतंही उघडं पडलं, आणि लाटांनी खालची माती खाल्लेली. माय म्हणाली, मी येणार. एसटीनं, मग बैलगाडीनं आम्ही तिला नेलं. मीही गेलो, पाण्याची घागर धरायला. मी बोलतो त्यात निम्मं पाणी असतं हे गल्ली जाणते. पुढचं मात्र आहे तसं आहे.

जोत्याच्या आत यंत्र रडलं. नानानं खुरपं उगारलं.

"नान्या, उलथनं घे," छत्रीखालून माय म्हणाली.

"माय, ही माती हाये, भाकरी नाय!"

"मी पुरलं तव्हाबी मातीच व्हती."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच न मोडणारं अवजार हातात होतं. नाना कुठला थांबतोय. त्यानं घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला वाळल्या पापडावर पाय पडावा तसा आवाज आला, आणि खुरपं मुठीपर्यंत आत गेलं.

माय चाचपडत आली, नानाला कोपरानं बाजूला सारलं आणि बसून उलथन्यानं कड कड मोकळी करू लागली. गडू वर आला तेव्हा त्याच्या पोटात भोक होतं. आतलं फडकं माती झालं होतं. टाक एकावर एक तसेच होते, आणि टोक सगळ्यांतून आरपार गेलं होतं. मायनं एकेकावरून बोट फिरवलं. खंडोबाच्या घोड्यापाशी बोट भोकात अडकलं.

"पानी दे," ती मला म्हणाली. टाक धुतले, डब्याच्या झाकणात मांडले, कनवटीचा भंडारा वाहिला. "यांच्यापुढं एकदा तरी तळी उचला." आम्ही तिघांनी झाकणाला हात लावून त्या ओसाड तळात "येळकोट येळकोट" केलं. उत्तर द्यायला एक टिटवी होती.

खंडित देव पुजता येत नाही. गंगेत सोडावा लागतो, हे तिथं कुणी कुणाला सांगितलं नाही. नाना कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, पण मूठ उघडेना.

"माय, माझ्या हातून झालं."

"हातून झालं, पन हाती लागले. इतकी वर्सं मला ठावं नव्हतं कुठं हायेत. सोड. आता नवे कर."

त्यानं मूठ उघडली.

पावसाळा सरायच्या आत माय गेली. दसऱ्याला देव्हाऱ्यात नवे टाक बसले, झगझगीत. नाना रोज पुढं यायचा, फूल वाहायचा, पण वर बघायचा नाही. जिनिंगमध्ये, बाजारात, रशीदभाईच्या दुकानात, त्याची मान त्या दिवशी खाली गेली ती खालीच. शहागंजातल्या दुकानदारांनी मला विचारलं, नाना रुसला का आमच्यावर?

एक दिवस तो ते खुरपं माझ्या मोडक्या पायरीवर ठेवून गेला. "हे घ्या, मास्तर. हे मोडत नाय."

नानाला जाऊनही आता पुष्कळ दिवस झाले. खुरपं माझ्या भिंतीला आहे. त्याचा एक दातासुद्धा बोथटलेला नाही. कुंड्यांतली माती मी उलथन्यानं उकरतो. बायको ओरडते, आणि चूल सोडून उलथनं अंगणात काय करतंय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.