सात वाजून पंचवीस मिनिटं

सन १९४४, जानेवारीची तेरा तारीख, गुरुवार. जामिनाची रक्कम पंधराशे रुपये. हजर: तालुक्याचे मॅजिस्ट्रेट, त्यांचे शिरस्तेदार, माझे वकील, जामीन राहणारा माझा मेहुणा आणि मी. मेहुण्याने सही केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, आता कुठं पळू नका. माझी विहीर जाईल." मला हसू आलं नाही. दोन दिवसांपूर्वी माझ्या हातून एक माणूस मेला होता.

मी तेव्हा गोदावरीच्या कालव्यावरच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होतो. घर गावाबाहेर, स्वतःच्या सहा एकरांत. रानडुकरांसाठी वडिलांच्या वेळेपासून एकनळी बंदुकीचा परवाना होता. मंगळवारी, अकरा तारखेला, मी सकाळच्या पाळीवर जायची तयारी करत असताना मंडळींनी, म्हणजे माझ्या पत्नीनं, मला खुणेनं बोलावलं. परसाच्या बाजूला माती पडल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. परसात डाव्या हाताला धान्याच्या कोठीची मातीची भिंत आहे. मी मागचं दार उघडलं. भिंतीपाशी एक माणूस वाकलेला होता. मी "कोण आहे?" म्हणालो. तो उभा राहिला, वळला आणि त्याने उजवा हात वर केला. मी बार काढला. एकच. आत येऊन घड्याळ पाहिलं, ती माझी सवय आहे. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पाच मिनिटांनी कारखान्याचा पहिला भोंगा झाला.

भिंतीला एक फूट दोन इंच रुंदीचं भोक पडलेलं होतं. पहार भिंतीला टेकवून ठेवलेली होती, त्या माणसापासून चार हातांवर. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याला कोणी ओळखलं नाही. आसपासच्या सात गावांचे पाटील येऊन चेहरा पाहून गेले. दुसऱ्या दिवशी सरकारी खर्चानं त्याला ओढ्याकाठी पुरलं.

वकिलांनी मला कायदा समजावला तो असा. रात्री कोणी घर फोडत असेल तर त्याचा जीव घेतला तरी तो बचाव धरतात. दिवसा फोडत असेल तर आपल्याच जिवावर बेतलं होतं हे दाखवावं लागतं. रिकाम्या हाताच्या माणसापुढे ते दाखवणं कठीण. "सूर्य उगवायच्या आधी की नंतर, एवढ्यावर तुम्ही घरी राहता की नगरला सेशनला जाता ते ठरणार," ते म्हणाले.

आणि घोळ नेमका तिथंच होता. लढाईमुळे सरकारनं घड्याळं एक तास पुढं केली होती. कारखाना नव्या वेळेवर चाले, म्हणून माझं घड्याळही नवं. गाव जुन्याच वेळेवर. आमच्या पोलीस पाटलांनी माझ्या तोंडून ऐकून बार सात पंचवीसला झाला असं लिहिलं, आणि स्वतः जागेवर पोचल्याची वेळ आपल्या खिशातल्या घड्याळावरून लिहिली, सहा पन्नास. म्हणजे कागदोपत्री त्यांनी त्या माणसाला मेलेला पाहिला तेव्हा त्याला गोळी लागायला अजून पस्तीस मिनिटं होती. फौजदारांनी ते दुरुस्त केलं. सहा पन्नास ही पाटलांची चूक धरून सात पन्नास केलं, आणि दोन्ही वेळा जुन्या समजल्या. पंचांगात त्या दिवशी सूर्योदय जुन्या वेळेनं सात वाजून सात मिनिटांनी. अशा रीतीनं तो माणूस भर उजेडात मेला.

मी तो पंचनामा पुष्कळदा वाचला. पस्तीस मिनिटं आधीच तिथं पडलेला माणूस मला झोपेत दिसे. मी दार उघडे, तर तो आधीच पडलेला असे, आणि तरी बंदूक उचलणं मला भाग असे.

वकिलांनी एक विचारलं होतं. "त्याचा हात रिकामा आहे हे तुम्हाला दिसलं होतं का?" मी म्हणालो, आठवत नाही. ते म्हणाले, "दिसलं नाही म्हणा." जे मोजलं नाही ते मी काट्यावरही लिहीत नाही. म्हणून अमावास्येनंतर मी रोज पहाटे मोजायला लागलो. दारापासून भिंत बावीस फूट. मंडळींनी भोकापाशी उभं राहायचं, कधी हातात पळी घ्यायची, कधी नाही, आणि हात वर करायचा. सात पंचवीसला मी दारातून सांगायचं.

"सांगा, काय आहे हातात?"

"पळी."

"काही नाही. डोळे तपासून घ्या, अहो." दुसऱ्या दिवशी, "आज?" "रिकामा." "पळी आहे की! आणि डाळ कढत ठेवून आलेय मी, लवकर आटपा."

भोक बुजवलं होतं, पण नवा गिलावा वाळत नव्हता. मंडळींच्या मागे त्याचा काळा डाग तेवढा दिसे, आणि डागापुढे एक आकार. नवव्या दिवशी मी दार उघडलं, आकार उभा होता, हात वर. मी म्हणालो, "रिकामा."

माझ्या मागून, स्वयंपाकघरातून, मंडळी म्हणाल्या, "कोणाला सांगताय? मी अजून आतच आहे."

मी वळून पाहिलं, त्यांच्या हातात पळी होती. पुन्हा परसाकडे पाहिलं तेव्हा भिंत होती आणि डाग होता. त्या बाहेर येईनात. आतूनच म्हणाल्या, "आज राहू द्या." तो दिवस मी हिशेबात धरला नाही. एकूण बारा पहाटा, धरलेल्या अकरा, त्यांत पाच वेळा बरोबर, सहा वेळा चूक. म्हणजे दिसत नव्हतं. अंदाज होता.

सात फेब्रुवारीला चौकशी झाली. पाटील उभे राहिले.

"तुमचं घड्याळ नवं की जुनं?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"जुनंच की, सायेब. आमी समदे जुन्या टायमानं चालतो. म्हसरं नवा टाईम मानत न्हाईत."

शिरस्तेदारसुद्धा हसले. मग कारखान्याचे टाइमकीपर आले. भोंगा नव्या साडेसातला होतो, रजिस्टर दाखवलं. बार भोंग्याच्या आधी झाला हे गावातल्या तिघांनी सांगितलं. पंचांग टेबलावर उघडून ठेवलं गेलं. मॅजिस्ट्रेटांनी सूर्योदयाच्या रकान्यावर बोट ठेवलं, एक तास मिळवला आणि बेचाळीस मिनिटं आधी, असं स्वतःशी म्हणाले. मला हाताबद्दल विचारलं तेव्हा मी अकरांपैकी पाच सांगितले.

"वजनकाट्यावर आहात वाटतं?" ते म्हणाले, आणि मला सोडलं. सेशनला पाठवण्याजोगं काही नाही, रात्रीची घरफोडी, बंदूक परत न्यावी.

बैलगाडीतून घरी येताना मेहुणा विहिरीच्या गोष्टी करत होता. संध्याकाळ होऊन गेली होती आणि रस्त्यावर बैलांच्या सावल्या पडल्या होत्या, शिंगांसकट. मी बराच वेळ त्या शिंगांकडे पाहत होतो. मग वर पाहिलं. पौर्णिमेला दोन दिवस होते. पंचांगात सूर्योदयाच्या रकान्याजवळच तिथीचा रकाना असतो. अकरा जानेवारी, पौष वद्य प्रतिपदा. आदल्या रात्रीची पौर्णिमा. परस पश्चिमेला. त्या पहाटे चंद्र मावळतीला होता आणि त्याचा उजेड समोरून त्या भिंतीवर पडलेला असणार. माझ्या अकरा पहाटा बिनचंद्राच्या होत्या. त्या टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण वाकलो होतो, एकाचीही नजर त्या रकान्यावर गेली नाही.

दहा तारखेला, माघ वद्य प्रतिपदेला, मी मंडळींना पुन्हा उभं केलं. सूर्योदय थोडा आधी होता, तेवढी मिनिटं कमी केली. त्यांनी हात वर केला.

मला बोटं मोजता आली. बांगड्या मोजता आल्या, सहा. तळहाताला पीठ लागलेलं दिसलं. चेहराही दिसला, आणि तो चेहरा मला घाबरला होता.

"रिकामा," मी म्हणालो.

त्यांनी हात खाली केला नाही. "त्यालाही तुम्ही असंच बघितलं असेल."

"आठवत नाही."

"आणि तो काही म्हणाला होता का?"

"ते पण आठवत नाही."

"मग आता मला इथं उभं करू नका," त्या म्हणाल्या. "या हातात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुमचं तुम्ही बघा."

मी अर्ज लिहिला. चार ओळींचा: घटनेच्या वेळी चंद्र होता, अर्जदाराने दिलेली चाचणी चंद्राशिवायची होती, चंद्राच्या उजेडात बावीस फुटांवरून हात दिसतो, हे कोर्टापुढे यावे. मंडळींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "परत आत घालतील." मी म्हणालो, घालतील. त्यांनी फडक्यात भाकरी बांधून दिली, दोन वेळची.

कोर्टातल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "अहो, सुटलात ना तुम्ही? लोक सुटायला अर्ज करतात. चंद्राला समन्स काढू का आता?"

"दाखल करून घ्या."

"निकाल लागलेल्या कामात अर्ज चालत नाही."

"चालतो की नाही ते साहेब बघतील. तुम्ही दाखल करा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या स्टँपवाल्याकडे बोट केलं. मी स्टँप आणून चिकटवला. त्याने सळईनं स्टँपाला भोक पाडलं आणि अर्ज बाकीच्या कागदांवर ठेवला. मी बाहेरच्या बाकावर कोर्ट उठेपर्यंत बसून राहिलो. कोणी बोलावलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. बंदूक मी आणली नाही. ती ठाण्यातच राहिली.

जामिनाचे पंधराशे कोणालाच भरावे लागले नाहीत. वकिलांचे साठ रुपये निकालादिवशीच दिले होते. सगळ्यात शेवटी दिले ते कोर्ट-फीचे आठ आणे, सरकारला.