फाटकाजवळचा बाक

पोलीस ठाण्यात येणाऱ्या लोकांना कशी सेवा मिळते, याचा अभ्यास करायला कॉलेजनं मला हर्सूलकडच्या एका ठाण्यात महिनाभर बसवलं होतं. तिथं रोज दुपारी एक बाई यायची. फाटकाजवळच्या बाकावर बसून मेथी निवडायची आणि निवडून झाली की घरी जायची. हवालदारांना वाटायचं, ती साहेबांच्या नात्यातली आहे. साहेबांना वाटायचं, एखाद्या हवालदाराच्या.

"मावशी, तक्रार द्यायचीय का?" मी विचारलं.

"नाय वं."

"मग साहेबांना भेटायचंय?"

"कशाला? त्यांना त्यांची कामं हायती."

एकदा ऊन फार होतं, म्हणून म्हटलं, "आत पंख्याखाली बसा."

"आत बसल्यावर आमच्या मालकाला कशी दिसीन?" तिनं मेथीच्या काडीनं रस्त्यापलीकडची पानटपरी दाखवली. "तिथं बसतेत ते. मी इथं दिसले की रातच्याला हात उचलत नायत."

आणि ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

माझ्या अहवालात शिफारस एकच होती: फाटकाजवळचा बाक हलवू नये. सरांनी ती खोडली. म्हणाले, बाक ही काही पोलिसांची सेवा नव्हे.