देवीच्या नावाचा अर्ज

लोकांच्या धंद्यांची नावं सरकारदरबारी नोंदवून देणं हे माझं काम. भाईंदरच्या जेसल पार्कात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि वर्षानुवर्षं तेच रडगाणं: नाव माझं होतं, दुसऱ्यानं घेतलं. समोरचा बोलायला लागला की पुढचं वाक्य मलाच ठाऊक असतं. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय.

माझी बायको घरी मसाला करते. आमच्या रत्नागिरीकडच्या गावदेवीच्या नावानं तो पार भाईंदरच्या दुसऱ्या टोकाला, इंद्रलोक वसाहतीपर्यंत जातो. जुन्या बरण्यांत भरलेला, लेबल नाही, बिल नाही, नाव तोंडीच. मी कितीदा म्हटलं, नाव नोंदवू, वेबसाइट काढू. तिचं एकच: नाव देवीचं आहे, आधी कौल लावायचा.

कौल लागतो शिमग्याला, गावी गेल्यावर. गुरव गाऱ्हाणं घालून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मला तेवढा धीर कुठला? गावी जायच्या आधीच मी त्या नावाचा वेबसाइटचा पत्ता वर्षभरासाठी घेऊन टाकला. बायकोला बोललो नाही. म्हटलं, होकार आला की दाखवू.

डावं पडलं.

वर्ष सरत आलं तशा पत्त्याची मुदत संपत आल्याच्या सूचना येत होत्या, आणि इतरांना मुदतीवरून झापणारा मी त्या गुपचूप पुसत होतो. देवीनं नाही म्हटलेलं नाव, घाबरलो होतो, दुसरं काय. पत्ता हातचा गेला. पुढच्या वर्षी गावी जाणं झालं नाही. त्याच्या पुढच्या शिमग्याला उजवं पडलं, बायकोनं तिथेच देवीची ओटी भरली. भाईंदरला येऊन बघतो तर पश्चिमेच्या एका मसालेवाल्यानं तो पत्ताही घेतला होता आणि नावासाठी अर्जही केला होता. फोन केला तर म्हणाला, "देवी तो सबकी है ना, भाई." आवाज इतका गोड की मला भांडणही सुचेना. महिन्याभरात त्याच्या वकिलाची नोटीस आली, हे नाव वापरणं बंद करा.

कायदा मला पाठ आहे. जो आधीपासून वापरतो त्याचा हक्क मोठा. पण ते कागदानं दाखवावं लागतं, आणि आमच्याकडे नुसत्या बरण्या. शेजारणींनी पत्रं लिहून दिली, पण नुसत्या पत्रांवर किती भागणार? तारीख असलेला कागद एकच होता, त्या पत्त्याची पावती. ती त्याच्या अर्जाविरुद्धच्या आमच्या हरकतीच्या अर्जाला जोडायची होती. अर्जावर सही बायकोची, आणि ती वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही.

पंधरा दिवस पावती बॅगेतच फिरवली. शेवटी एका रविवारी सकाळी बायको मिरच्यांची देठं काढत बसली होती, तेव्हा पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तिनं हात पुसले, तारीख दोनदा वाचली.

"म्हणजे कौल लावायच्या आधीच तुम्ही नाव घेतलं होतं."

मी हो म्हटलं.

"मी दोन वर्षं मंगळवार धरले. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं म्हणून देवीनं नाही म्हटलं."

मग तिनं अर्ज ओढून घेतला आणि न वाचताच दाखवल्या जागी सही केली. ओरडली असती तर बरं झालं असतं.