वजनकाकांची तिसरी यादी

वजनकाका भेटले की माणसाची प्रकृती विचारत नसत. त्याने आणलेल्या प्रोग्रॅमचं वजन विचारत. 'छान चालतो' या उत्तराला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता. "चालतो रे. वजन किती?" एमबींचा आकडा ऐकला की ते क्षणभर डोळे मिटून घेत, जणू ती गोणी कोणी त्यांच्याच पाठीवर ठेवली आहे.

साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचा गाळा होता. खाली पट्ट्यांची बकलं ठोकणारी प्रेस, शेजारी स्प्रिंगांचा कारखाना, मध्ये हा. कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर इथे उघडून पुसले जात, त्यांत मराठीतलं लिनक्स घातलं जाई आणि ते शाळा-वाचनालयांना दिले जात. लिनक्स फुकट मिळतं, पण जुन्या, थकलेल्या मशीनला झेपेल असं ते बांधावं लागतं. ते काम आम्ही सहा-सात जण सवडीने करत असू. काका रोज असत. बांधलेल्या प्रत्येक पॅकेजवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यावर, शेवटची सही त्यांची. तिच्याशिवाय काही बाहेर जात नसे. मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या डेस्कवरून नुकताच बाहेर पडलो होतो आणि मेनूंमधले शब्द मराठीत करत होतो. मी होतो उपसंपादक, पण काका मला कायम 'संपादक' म्हणत. त्यात आदर नव्हता.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली होती. आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रत्येक नग तोलायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. गाळ्याच्या दारामागे स्प्रिंगचा काटा टांगलेला असे. आलेला प्रत्येक कॉम्प्युटर त्याला अडकवून ते वजन खडूने पाठीवर लिहीत, कारण तो जिना चढून नेणाऱ्या माणसाला आधी कळलं पाहिजे. काकूंची तक्रार वेगळी होती. नाहूरच्या त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना त्यांनी सांगितलं, "माथेरानला गेलो तर ह्यांनी दोघांत एक टॉवेल घेतला. म्हणे उन्हात वाळेल. चार दिवस ऊनच पडलं नाही." काका ताटात बघत म्हणाले, "पण पिशवी हलकी होती की नाही?"

वडील कोकणातून गिरणीत आलेले. घरातली मालवणी काकांच्या तोंडी एरवी नसे, पण एखाद्या पॅकेजला न लागणारं काही चिकटलेलं दिसलं की ती बाहेर पडे. "ह्या कित्याक होया?" हे कशाला हवं, याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही तर ती वस्तू गेली. आणखी एक सवय. पॅकेज बांधताना पडद्यावरून शेकडो ओळी सरकत जातात. त्या कोणी वाचत नाही. शेवटी 'झालं' असं आलं की चहाला उठायचं. काका त्या वाचत. पडद्यावर बोट ठेवून, पहिलीपासून शेवटपर्यंत, रोजची भाजी निवडणाऱ्या माणसाच्या शांतपणाने.

कुठलाही प्रोग्रॅम एकटा येत नाही. त्याला चालायला दुसरे पाच लागतात, त्या पाचांना आणखी. म्हणून प्रत्येक पॅकेजसोबत तीन याद्या असतात: लागणारच, असलेलं बरं, आणि हवं तर. नव्या माणसाला काका हे असं सांगत: "लग्नाला नवरा-नवरी लागतातच. भटजी असलेला बरा. बँड हवं तर." त्यांची सगळी कारागिरी पहिल्या यादीतलं दुसरीत आणि दुसरीतलं तिसरीत ढकलण्यात होती. तिसऱ्या यादीतली वस्तू आपोआप येत नाही. ज्याला हवी त्याने ती मुद्दाम घालायची.

त्या वर्षी त्यांनी पडद्यावरच्या खिडक्या, बटणं आणि याद्या रंगवणारं मूळ पॅकेज हलकं करायला घेतलं. बाकी सगळे प्रोग्रॅम त्याच्यावर उभे असतात. महिनाभर कापाकापी चालली. एका मंगळवारी काकांनी सही केली, पॅकेज इंटरनेटवरून सगळ्या मशीनकडे रवाना झालं, त्यांनी आम्हाला आकडा ऐकवला आणि सगळ्यांना वडापाव दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडच्या एका वाचनालयातून फोन आला. काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"काका, मी संगीता गायकवाड. तुमचा कॉम्प्युटर गप्प झालाय."

"गप्प म्हणजे? सुरू होताना बोलतो ना?"

"बोलतो. 'स्क्रीन रीडर सुरू' म्हणतो आणि मग मौनव्रत."

"माझ्याकडे तर बोलतोय."

"मग तुमच्याकडचा पाठवा."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. संगीताला दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, त्या मशीनवर काकांनीच घालून दिला होता. घाटकोपरला राहणारी, हिंगोलीकडच्या घरातली ही मुलगी त्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या कामावर सहा महिन्यांच्या बोलीने लागली होती. सहा महिने त्या आठवड्यात संपत होते. शनिवारी अकरा वाजता कार्यकारिणी तिचं काम बघणार आणि कायम करायचं की नाही ते ठरवणार होती.

दुपारी काका आणि मी मुलुंडला गेलो. संगीताने हेडफोन काकांच्या कानांवर चढवले आणि एकेक बटण दाबत गेली. एरवी प्रत्येक दाबाला शब्द यायचा, आता काहीच नाही. शेजारी उभे असलेले चिटणीस सौम्यपणे म्हणाले, "जमत नसेल तर तसं सांगा. आमच्याकडे दुसरा उमेदवार आहे." संगीताने ते ऐकलं. तिने फक्त हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली.

दोष गुरुवारी सापडला. पॅकेज बांधलं जात असताना ते मशीनवर काय काय आहे ते चाचपतं. स्क्रीन रीडरशी जोडून देणारा भाग सापडला तर तो जोडतं, नाही सापडला तर कुरकुर न करता पुढे जातं. तो भाग काकांनी तिसऱ्या यादीत ढकलला होता. त्यांच्या टेबलावरच्या मशीनवर तो आधीपासून होता, म्हणून तिथे बांधलेलं पॅकेज बोलत होतं. सगळ्यांना पाठवायचं पॅकेज मात्र कोपऱ्यातल्या कोऱ्या मशीनवर बांधलं जाई, आणि तिथे तो नव्हता. स्क्रीन रीडर स्वतःचं नाव सांगे, पण त्याला एकही खिडकी दिसत नसे. मंगळवारच्या बांधणीची नोंद काकांनी उघडली आणि खालून अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. 'अॅक्सेसिबिलिटी जोडणी: नाही.'

"ही ओळ मी वाचली होती," ते म्हणाले.

त्यांनी बोट तिथून उचललं नाही.

"वाचली, आणि म्हटलं, बरं झालं, तेवढंच हलकं."

त्याच संध्याकाळी संगीता काम आटोपून गाळ्यात आली. फोनवर विश्वास नाही, असं तिने दारातच सांगितलं. काठी टेकत दोन मजले चढून आलेल्या तिला काकांनी खुर्ची दिली आणि काही लपवलं नाही. तिन्ही याद्या सांगितल्या. नवरा-नवरी, भटजी, बँड.

"आमच्याकडे भटजी कुठल्याच यादीत नसतो," संगीता म्हणाली.

काका ओशाळले. "बरं, उदाहरण चुकलं."

"उदाहरण राहू द्या. 'हवं तर' म्हणजे कोणाला हवं तर?"

"ज्याला लागेल त्याला. त्याने ते नंतर घालून घ्यायचं."

"कसं घालू? घालायची खिडकी उघडली की तीसुद्धा गप्प."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "उद्यापर्यंत नीट दुरुस्त करतो. सगळ्यांसाठी."

"जुनं होतं तेच माझ्या मशीनवर परत टाका ना. दहा मिनिटांचं काम."

"एका मशीनवर हाताने टाकलं तर ती दुरुस्ती नव्हे गं, ती मेहेरबानी. तसले कॉम्प्युटर आपण देवनारच्या शाळेत दिलेत, आणखी कुठे कुठे दिलेत. त्यांचं काय?"

"त्यांचं तुम्ही शुक्रवारी बघा," संगीता म्हणाली. "मला शनिवारपर्यंत मेहेरबानीही चालेल."

काकांनी कधी कोणाच्या मशीनवर परस्पर काही टाकलं नव्हतं. त्यांच्या मते तो कारखान्यातला माल गेटपास न करता बाहेर काढण्यासारखा गुन्हा होता. त्या दिवशी त्यांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला, वाचनालय बंद व्हायच्या आत तिच्यासोबत मुलुंडला गेले आणि जुनं पॅकेज परत टाकून आले. कॉम्प्युटर बोलू लागला. संगीता त्याला इतक्या वेगाने बोलायला लावत असे की काकांना एक अक्षर कळेना. "हे मराठीच ना?" त्यांनी विचारलं. "तुमच्यासाठी हळू करू?" ती म्हणाली.

शुक्रवारी खरी दुरुस्ती झाली. काका ती वायरमनच्या भाषेत सांगत. "प्लास्टर करायच्या आधी भिंतीत पाइप टाकून ठेवायची. पंखा कोणी लावो न लावो. पण पाइपच नसेल तर पुढे भिंत फोडावी लागते." म्हणजे बोलणारा आवाज तिसऱ्या यादीत राहिला तरी चालेल, पण त्याला जोडून घेण्याची सोय मूळ पॅकेजात असलीच पाहिजे. ती पहिल्या यादीत गेली. शिवाय काकांनी एक नियम लिहिला: जोडणारा भाग सापडला नाही तर बांधणीने पुढे जायचं नाही, तिथेच थांबून ओरडायचं. या सगळ्याने किती वजन वाढलं, हे मी मुद्दाम विचारलं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज येणाऱ्या सुप्रभातच्या चार-पाच चित्रांएवढं. "एवढ्यासाठी त्या पोरीची नोकरी जात होती," ते म्हणाले. सही करण्यापूर्वी त्यांनी पॅकेज कोऱ्या मशीनवर घातलं, पडदा बंद केला आणि कानांनी एक पत्र लिहून पाहिलं. त्यांना पाऊण तास लागला. पत्रात सात चुका होत्या.

शनिवारी कार्यकारिणीचे पाच जण संगीताच्या मागे उभे राहिले. अध्यक्षांनी तिला हेडफोन काढायला सांगितले, आम्हालाही ऐकू द्या म्हणाले. खोलीभर तो भरधाव आवाज घुमला. नवी पुस्तकं तिच्या हाताशी होती. एक कर्मचारी नाव आणि लेखक वाचून दाखवी, ती नोंदवी. दहाव्या पुस्तकानंतर अध्यक्ष म्हणाले, "बरोबर झालं की चूक, हे आम्हाला कसं कळणार?"

"तुम्ही पडद्यावर बघा, मी ऐकते," संगीता म्हणाली. "दोघांचं एकच निघालं की झालं."

त्यांनी बघितलं. एका ठिकाणी फरक निघाला. तपासलं, तर पुस्तक वाचून दाखवणाऱ्याने आडनाव चुकीचं वाचलं होतं. संगीता त्याच दुपारी कायम झाली. काका वाचनालयाच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबले होते. आत येणं त्यांना बरोबर वाटलं नाही.

दुरुस्त पॅकेजसोबत बदलांची नोंद जोडावी लागते. ती मराठीत लिहायचं काम माझं होतं. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट येते, आणि तिची भाषा ठरलेली असते. मी तशीच लिहिली: 'मागील आवृत्तीत अनवधानाने एक सुविधा वगळली गेली होती.' काकांनी बोट ठेवून वाचलं.

"संपादक, अनवधान कसलं? मी बघून सोडलं होतं."

"लिहायची पद्धत असते, काका."

"कोणाची? ज्याची चूक आहे त्याची?"

त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. नोंद अशी गेली: 'मागच्या पॅकेजात स्क्रीन रीडरची जोडणी तुटली. तसं सांगणारी ओळ मी वाचली होती आणि जाऊ दिली. चूक माझी.' पॅकेजसोबत ती प्रत्येक मशीनवर पोचली. मी डेस्कवर अशा चौकटी कितीतरी लिहिल्या होत्या. कर्ता असलेली एकही लिहिली नव्हती. त्यानंतर मला पुन्हा एका संपादकीय कामावर जावं लागलं, आणि तिथे 'अनवधानाने' हा शब्द आला की माझा हात थांबतो. त्यावरून दोनदा वरिष्ठांशी वाद झाला आहे.

पुढची तीन वर्षं काका तिसऱ्या यादीत काही ढकलण्यापूर्वी फोन करत. समोर कधी संगीता असे, कधी एका हाताने टाइप करणारे ठाण्याचे एक निवृत्त शिक्षक, कधी अक्षर मोठं केल्याशिवाय वाचता न येणाऱ्या एक आजी. "हे काढतोय. तुमचं काही अडेल का?" संगीताकडून बहुधा "काढा बिनधास्त" असं उत्तर येई, ती पॅकेजच्या वजनाबाबत काकांपेक्षाही निर्दय निघाली. सुट्टीच्या दिवशी ती गाळ्यात येऊन बसू लागली आणि हळूहळू सही करण्याचा अधिकार दोघांचा झाला. दोघं भांडत. स्प्रिंगांच्या कारखान्यातली माणसं दार लावून घेत.

गेल्या वर्षी काका-काकू कुडाळजवळच्या गावी कायमचे राहायला गेले. निघण्याआधी गाळ्यात समोसे आणि चहा झाला. काकांना बोलायला सांगितलं तर त्यांनी मान हलवून संगीताकडे बोट दाखवलं, आणि मग तिला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "तू बोल."

संगीता उभी राहिली. "काकांनी मला नोकरी दिली, असं कोणी म्हणू नका. नोकरी माझी मी मिळवली होती. ती जायची वेळ आली ती यांच्यामुळे, आणि गेली नाही तीही यांच्यामुळे. म्हणजे फिट्टंफाट."

सगळ्यांत मोठ्याने काका हसले. हसू ओसरल्यावर, हातातला रिकामा कप फिरवत, त्यांनी तीन वर्षं न विचारलेला प्रश्न विचारला.

"तू तेव्हा रागावली होतीस काय गं?"

"खूप," संगीता म्हणाली. "पण तुम्ही ती नोंद लिहिलीत ना, ती मी माझ्या मशीनवर ऐकली. हळू करून ऐकली."